कुकरभर रियाज : एका गिटारचा दहा महिन्यांचा हिशोब

कालनिर्णयच्या पानावर दुधाचा हिशोब लिहिणारी घरं मुंबईत अजून बरीच आहेत. विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या एका घरात एप्रिलपासून त्याच चौकटीत आणखी एक नोंद दिसू लागली. वर ‘१ लि.’ आणि त्याखाली बारीक अक्षरात ‘कु’. कु म्हणजे कुकर. त्या दिवशी कुकर लावल्यापासून वाफ जिरेपर्यंत गिटार वाजवली, एवढाच त्याचा अर्थ. ज्या दिवशी ‘कु’ नाही त्या दिवशी रियाज नाही. कारणं लिहायला त्या चौकटीत जागाच नसते, ते एका परीने बरंच.

मी भांडुपला वीसेक वर्षं गिटार शिकवतो. हे प्रकरण माझ्या एका विद्यार्थिनीचं आहे, त्यांना विचारून लिहितोय, नाव मात्र घालत नाही. लिहायचं कारण असं, की यात त्यांच्याइतकाच मीही चुकलोय, आणि माझी चूक शिकवणाऱ्या पुष्कळ लोकांकडून होते असा माझा संशय आहे. विद्यार्थ्याचं काही अडलं की आम्ही डोळे मिटून सांगतो, ‘रियाज वाढवा.’ डॉक्टरने प्रत्येक तापाला एकच गोळी द्यावी तसं.

बाई बेचाळीस वर्षांच्या. फोर्टला एका विमा कंपनीत नोकरी. घरी नवरा, सासूबाई आणि तेव्हा दहावीत असलेला मुलगा. गिटार मुलाची. लॉकडाउनमध्ये ऑनलाइन मागवली, चार महिने वाजली आणि कपाटावर जाऊन पडली. मुंबईतल्या कपाटांवरच्या अशा गिटारी खाली उतरवल्या तर शिवाजी पार्क भरेल. ही एक मात्र जानेवारीत खरंच खाली उतरली.

पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, “सर, मला मोठं काही नको. आमच्याकडे कोजागिरीला गच्चीवर सगळे जमतात. तिथे एक गाणं स्वतः वाजवून म्हणायचंय. एकच.”

गाणं जुनं, हिंदी, त्यांच्या गळ्याला सी या पट्टीत बसणारं. त्यात चार कॉर्ड (म्हणजे एकत्र वाजणारे सूर, प्रत्येकीला बोटांचा ठरलेला आकार) : सी, ए मायनर, एफ आणि जी. हातात दहा महिने. मी मनात म्हटलं, सहज होईल.

रविवारचे साडेतीन तास

क्लास रविवारी सकाळी. विक्रोळीहून भांडुप दोनच स्टेशनं, पण गिटार घेऊन लोकलमध्ये चढणं नको म्हणून त्या रिकाम्या हाताने यायच्या आणि माझ्याकडच्या गिटारवर शिकायच्या. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. घरी गेल्यावर दुपारी जेवणं आटोपली की रियाज. सोमवार ते शनिवार गिटार पुन्हा बॅगेत. साडेआठची लोकल, संध्याकाळी पावणेआठला घर, स्वयंपाक, मुलाचा अभ्यास. कुठून वेळ काढणार?

मी दर विद्यार्थ्याची एक साधी मोजणी ठेवतो. दोन कॉर्ड घ्यायच्या, एक मिनिट लावायचं आणि एकीवरून दुसरीवर किती वेळा स्वच्छ जाता येतं ते मोजायचं. तार भुणभुणली तर तो बदल धरायचा नाही. सी आणि जी या जोडीवर बाईंची पहिली नोंद ११ होती. नवशिक्याला ठीकच आहे.

फेब्रुवारी गेला, मार्च उजाडला. आकडा १७ वर येऊन हलेना. मी म्हटलं, “ताई, थोडा रियाज वाढवायला हवा.” त्यांनी वाढवला. रविवारचे दोन तास होते त्याचे साडेतीन केले. पुढच्या रविवारी डाव्या हाताच्या तीन बोटांना फोड घेऊन आल्या, मनगटही दुखत होतं. बोटांची कातडी निबर व्हायला रोजचं थोडं थोडं घासणं लागतं. आठवड्यातून एकदा साडेतीन तास घासलं की फोड येतो, फोडाची कातडी सुटते, आणि रविवारपर्यंत खालून नवी, मऊ कातडी वर आलेली असते. म्हणजे दर रविवारी पुन्हा पहिल्यापासून.

बोटांचं जे होत होतं तेच डोक्याचंही होत होतं, पण ते दिसत नव्हतं. मार्चमध्येच मी त्यांना एक काम दिलं : रविवारी दुपारी रियाज सुरू करताना आकडा लिहा आणि संपवतानाही लिहा. सुरुवातीला १७, शेवटी ३१. वा! पुढच्या रविवारी सुरुवातीला पुन्हा १७, शेवटी ३०. त्याच्या पुढच्या वेळी १८ आणि ३२.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघितले तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बाईंना रोज आठवत होता तो ३१, म्हणून त्यांना वाटायचं, आपलं बरं चाललंय, फक्त क्लासमध्ये सरांसमोर हात थरथरतो. मला दिसत होता तो १७, म्हणून मला वाटायचं, या घरी काही करतच नाहीत. दोघंही आपापल्या जागी खरे होतो. रविवारी भरलेला हंडा शनिवारपर्यंत झिरपून जात होता, आणि मी सांगत होतो की हंडा मोठा घ्या.

विसरण्याची ही उतरण नवी नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसाने निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करून आणि विसरून तिचा आलेख काढला, ते १८८५ साली छापलंही गेलं. बोटांच्या बाबतीत झोपेचाही मोठा वाटा असतो. २००२ साली मॅथ्यू वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना बोटांनी कळा दाबायचा एक ठरावीक क्रम शिकवला. रात्रीची झोप झाल्यावर तोच क्रम लोक सुमारे वीस टक्के जास्त वेगाने करू लागले, मध्ये सराव न करता. दिवसभर जागं राहून तेवढाच वेळ घालवणाऱ्यांत तसा फरक पडला नाही. आमच्या बाई आठवड्यात सात रात्री झोपायच्या, पण त्यातली शिकण्याच्या कामाची झोप एकच : रविवारची. बाकीच्या सहा रात्री झोपेला गिरवायला काही दिलेलंच नव्हतं.

वेळ सापडत नसतो, तो कशाला तरी चिकटवावा लागतो

मी म्हटलं, रोज वीस मिनिटं. त्या हसल्या. “सर, वीस मिनिटं मला रोज मिळत असती तर मी आधी झोपले असते.”

तरी आम्ही प्रयोग केले. पहाटे साडेपाच : पाणी येतं त्या वेळी, डबे असतात, हाताला ओल. तीन दिवसांत बंद. रात्री साडेदहा : सासूबाई हॉलमध्येच झोपतात. ब्रिजजवळ (गिटारच्या फळीवर तारा अडकवलेल्या असतात ती पट्टी) तारांखाली रुमाल खोचून आवाज दाबून बघितला. आवाज दबला, पण बाईंचे डोळेही मिटायला लागले. एकदा सी धरलेल्या हातानेच झोपल्या म्हणे. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत गिटार नेणं तर विनोदच.

कुकरची कल्पना त्यांची. घरी आल्यावर तोंड धुऊन पहिलं काम काय, तर डाळ-भाताचा कुकर चढवणं. तीन शिट्ट्या आणि मग वाफ जिरेपर्यंत थांबणं. एरवी या वेळात त्या मोबाइल बघत बसायच्या नाही तर भाजी चिरायच्या. भाजी त्यांनी नवऱ्याकडे दिली. (ही या प्रकरणातली सगळ्यांत मोठी क्रांती असावी, पण तो माझा विषय नाही.) कुकर चढवून झाकण उघडेपर्यंतचा वेळ मोजला तर एकोणीस ते बावीस मिनिटं. रोज, चुकवून चुकत नाही. घरात भात लागतोच.

मी त्यात एकच भर घातली. गिटार बॅगेत नको आणि कपाटावर तर नकोच. बॅग काढा, चेन उघडा, सूर जुळवायचा ट्यूनर शोधा, यात चार मिनिटं आणि निम्मा उत्साह जातो. हॉलच्या भिंतीला एक हूक ठोका आणि गिटार तिथे टांगा, येता-जाता दिसली पाहिजे. त्यांनी त्याच संध्याकाळी हूक ठोकला. हा माझा सल्ला मला जुलैत महाग पडायचा होता.

आता हिशोब बघा. आधी आठवड्याला साडेतीन तास, म्हणजे २१० मिनिटं. कुकरचे सहा दिवस धरले तर १२० मिनिटं. वेळ जवळजवळ निम्म्यावर आला.

वीस मिनिटांत काय करायचं हेही ठरवून दिलं, कारण मोकळी वीस मिनिटं दिली की माणूस जे येतं तेच वाजवत बसतो. पहिल्या शिट्टीपर्यंत : सूर लावायचा आणि मग कॉर्ड बदलायच्या, मेट्रोनोमवर (मिनिटाला ठरावीक ठोके देणारं यंत्र). मेट्रोनोम ६० वर लावायचा, दर चार ठोक्यांना एक बदल. सलग तीन वेळा स्वच्छ आलं तर चारने वाढवायचा, अडखळलं तर आठने उतरवायचा. उतरवणं लोकांना अपमानासारखं वाटतं. बाईंनाही वाटलं. पण चुकीचं दहा वेळा वाजवलं तर हाताला ती चूकच पाठ होते. बालवाडीत अक्षर गिरवताना पाटीवर ‘क’ उलटा गिरवला तर उलटाच बसतो, तसं.

पहिल्या शिट्टीनंतर गाण्यातली एकच जागा घ्यायची. सबंध गाणं नाही. इथे मला त्यांची एक जुनी सवय सापडली, जी मी आजवर शिकवलेल्या जवळजवळ प्रत्येकात होती. दर वेळी गाणं पहिल्या ओळीपासून सुरू करायचं, अडलं की थांबायचं आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून. परिणाम असा की मुखडा घोटून घोटून गुळगुळीत आणि अंतरा उपाशी. तीन महिन्यांत त्यांनी मुखडा शेकडो वेळा वाजवला असेल, दुसऱ्या अंतऱ्याची शेवटची ओळ फार तर दहा वेळा. मी क्रम उलटा केला. आधी शेवटची ओळ, मग तिच्या आधीची आणि शेवटची जोडून, असं मागून पुढे. म्हणजे गाणं वाजवताना माणूस अनोळखी गल्लीतून ओळखीच्या रस्त्याकडे येतो, उलट नाही.

तिसरी शिट्टी झाली, गॅस बंद केला की वाफ जिरेपर्यंत वाटेल ते वाजवा. चुका, गुणगुणा, मेट्रोनोम बंद. हा भाग मी मुद्दाम ठेवला. तो काढला की माणूस पंधरा दिवसांत पळून जातो.

“सर, काही होत नाहीये”

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. “रविवारी बसायचे तेव्हा शेवटी छान वाजायचं. आता रोज नुसती सुरुवातच होते आणि कुकर उतरतो. कुकरभर वाजवून काय होणार?”

तक्रार अगदी रास्त होती. रविवारच्या साडेतीन तासांच्या शेवटी जो ३१ दिसायचा, तो त्यांना आता दिसतच नव्हता. हात गरम व्हायच्या आत डाव संपत होता. सुधारणा होत होती, पण तिची चव मिळत नव्हती.

या नाराजीचा एक जुना आणि गमतीशीर पुरावा आहे. १९७८ साली बॅडली आणि लाँगमन यांनी ब्रिटिश टपाल खात्यातल्या कर्मचाऱ्यांना टाइपिंग शिकवताना चार गट केले. एका गटाला रोज फक्त एक तास. दुसऱ्या टोकाच्या गटाला रोज दोन-दोन तासांच्या दोन बैठका. कळफलक हाताखाली यायला रोज एक तास बसणाऱ्यांना एकूण सुमारे ३५ तास लागले, रोज चार तास बसणाऱ्यांना सुमारे ५०. म्हणजे थोडं थोडं शिकणारे कमी तासांत शिकले. पण दिवस जास्त लागले, शेजारचा गट पुढे गेलेला दिसत होता, आणि आपल्या पद्धतीवर सगळ्यांत नाराज होता तो हाच गट! जो सर्वांत चांगला शिकत होता त्यालाच वाटत होतं की आपल्यावर अन्याय होतोय.

हे मी त्यांना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, “पोस्टातल्या लोकांना पगार तरी मिळत होता.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हटलं की महिनाभर शेवटचा आकडा बघूच नका, फक्त पहिला लिहा. गिटार हुकावरून काढली, सूर लावला, एक मिनिट, किती? तेवढाच खरा. तो थंड हाताचा आकडा असतो, आणि गच्चीवर कोजागिरीला हात थंडच असणार आहे, आधी साडेतीन तास वाजवून कोणी गच्चीवर जात नाही.

थंड हाताचा आकडा एप्रिलच्या सुरुवातीला १८ होता. मेच्या मध्यावर ३४. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ४४. रविवारच्या गरम हातालाही जे कधी जमलं नव्हतं ते आता बूट काढून, तोंड धुऊन, पहिल्या मिनिटाला होत होतं. मनगट दुखणं थांबलं. बोटांच्या टोकांवर ती चिवट कातडी आली, जिच्यामुळे त्यांच्या मते पोळी उलटताना चिमटा लागेनासा झाला.

लोकलचाही थोडा उपयोग झाला. विक्रोळीला फास्ट थांबत नाही, त्यामुळे स्लोने सीएसएमटीपर्यंत बराच वेळ हाताशी असतो, जरी हात वर कडीला असला तरी. दुसऱ्या हाताने त्या छत्रीच्या दांड्यावर कॉर्डचे आकार धरायच्या आणि मनात गाणं चालवायच्या. समोरच्या बाईने एकदा विचारलं म्हणे, सांधे धरलेत का? पियानोवर १९९५ साली पास्क्युअल-लिओने यांनी असा प्रयोग केला होता, पाच बोटांचा क्रम काही लोकांनी नुसता मनात वाजवला, तर त्यांच्याही मेंदूत हाताच्या भागात बदल दिसले. छत्री गिटारची जागा घेत नाही. पण एफचा आकार कुठे कसा असतो हे शोधण्यात कुकरची मिनिटं जात नव्हती, तेवढं खरं.

एफ, आणि माझी चूक

इथवर ऐकून वाटेल, प्रकरण संपलं. गिटार शिकणाऱ्याला माहीत असतं की एफ अजून यायची आहे.

एफच्या कॉर्डमध्ये तर्जनी आडवी टाकून पहिल्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) सहाही तारा दाबायच्या असतात, याला बार कॉर्ड म्हणतात. गिटार सोडून देणाऱ्या माणसांची मुंबईत जनगणना केली तर निम्मे या दारात पडलेले सापडतील, असं मला वाटतं. जून संपता संपता आम्ही एफ सुरू केली. मी नेहमीच्या युक्त्या सांगितल्या. तर्जनी सपाट नको, किंचित अंगठ्याच्या बाजूला कलती ठेवा, तिथे हाड असतं, मांस नसतं. अंगठा मानेच्या पाठीमागे मधोमध. आणि सहाही तारांवर जीव काढू नका : पाचवी, चौथी आणि तिसरी तार बाकीची तीन बोटं दाबतातच, तर्जनीला खरं काम फक्त सहाव्या, दुसऱ्या आणि पहिल्या तारेवर आहे.

क्लासमध्ये, माझ्या गिटारवर, दोन रविवारांत एफ जेमतेम वाजायला लागली. घरी नाही. तीन आठवडे रोज ‘कु’ लिहिलेला, रोज पाच मिनिटं एफ, आणि बुधवारी त्या मला जी एका मिनिटाची आवाजाची फीत पाठवायच्या तिच्यात एफच्या जागी नुसती खटखट. मी काय म्हटलं असेल? “ताकद येईल हळूहळू. रियाज चालू ठेवा.” तीच गोळी.

जुलैअखेर त्या म्हणाल्या, मला नाही जमणार, वय झालं. मी तडजोड काढली. पाचव्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावा आणि जी, ई मायनर, सी, डी हे सोपे आकार वाजवा, गाणं सीमध्येच राहील आणि एफच्या जागी सीचा आकार येईल. कॅपो लावणं म्हणजे फसवणूक नव्हे, मोठमोठे वादक लावतात. त्यांनी एक संध्याकाळ वाजवून बघितलं आणि निरोप पाठवला : “सर, हे पाहुणे आले की पसारा पलंगाखाली ढकलण्यासारखं आहे.”

तेव्हा कुठे मला विचारायचं सुचलं की तुमची गिटार घेऊन या बरं एकदा. सात महिन्यांत मी त्यांच्या गिटारला हात लावला नव्हता.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या गुंडाळून, ती आली. मी एफ धरली आणि माझीच तर्जनी कळवळली. बाराव्या फ्रेटवर जाड तार आणि फ्रेट यांमधलं अंतर मोजलं तर चार मिलिमीटर. दोन ते अडीच असायला हवं. नटजवळची (मानेच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी) परीक्षा केली : तार तिसऱ्या फ्रेटवर दाबायची आणि पहिल्या फ्रेटवर किती फट राहते ते बघायचं. कागद जेमतेम सरकावा इतकी हवी. इथे दुकानाचं कार्ड आरामात जात होतं, आणि शेजारी दुसरं मावलं असतं. नटच्या खाचा कारखान्यातून आल्या तशाच उथळ होत्या. त्यावर तारा बाराच्या, म्हणजे बऱ्यापैकी जाड आणि ताणाच्या.

नट उंच असेल तर एफच नेमकी का मारते? कपडे वाळत घालायची दोरी आठवा. मधोमध एका बोटाने दाबली तरी खाली येते. खिळ्याच्या अगदी जवळ दाबून बघा, लोंबकळावं लागेल. पहिला फ्रेट हा खिळ्याजवळचा भाग. तिथे तार अर्धा मिलिमीटर जास्त उंच असणं म्हणजे पाचव्या फ्रेटवरच्या माणसाला कळणारही नाही असा छळ.

आणि उरलेली कामगिरी माझ्या हुकाची. ज्या भिंतीला गिटार टांगायला मी सांगितलं ती बाहेरची भिंत. कन्नमवार नगरातली जुनी इमारत, जुलैत त्या भिंतीला हात लावला तर ओला होतो. ॲकूस्टिक गिटारच्या लाकडाला हवेत ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, मुंबईचा जुलै ऐंशीच्या वर असतो, आणि ओल्या भिंतीला टेकून आणखी जास्त. लाकूड पाणी पितं, वरची फळी फुगते, तिच्यावर बसलेला ब्रिज उचलला जातो आणि त्याबरोबर तारा. मार्चमध्ये कदाचित तीन मिलिमीटर असलेली उंची रोज थोडी वाढत होती, आणि बाई रोज वीस मिनिटं तिच्याशी कुस्ती खेळत होत्या. दिसेल अशी ठेवा हे बरोबर होतं. कुठल्या भिंतीला, हे विचारायचं राहिलं.

गिटार दादरच्या एका कारागिराकडे दिली. त्याने नटच्या खाचा खोल केल्या, मानेच्या आतली सळई, म्हणजे ट्रस रॉड, थोडा फिरवला, ब्रिजवर तारा जिच्यावर टेकतात ती सॅडल घासून खाली आणली (बाराव्या फ्रेटवर एक मिलिमीटर उतरवायला सॅडल दोन मिलिमीटर घासावी लागते, म्हणून हे काम घरी कानस घेऊन करू नये) आणि बाराच्या जागी दहाच्या, बारीक तारा चढवल्या. दोन दिवस लागले. खर्च एका बऱ्या चपलेच्या जोडाएवढा. हूक आतल्या भिंतीवर गेला, आणि ऐन पावसात गिटार झाकून, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत कपाटात.

त्यानंतर एफ खालून वर नाही, वरून खाली शिकलो. तोच आकार पाचव्या फ्रेटवर धरला की ए मेजर होते, तिथे तारा मऊ लागतात. एक आठवडा तिथे, मग चौथ्यावर, तिसऱ्यावर. पहिल्यावर आल्या तेव्हा सप्टेंबर लागला होता. बुधवारच्या फितीत पहिल्यांदा सहाही तारा वाजल्या आणि पाठोपाठ कुकरची शिट्टी. ती फीत मी ठेवली आहे.

मधे गणपतीला त्या अकरा दिवस गावी गेल्या. चौकटी रिकाम्या. परत आल्यावर थंड हाताचा सी-जीचा आकडा ५० वरून ३९ वर आला होता. त्या घाबरल्या. चौथ्या दिवशी ४९.

कशामुळे काय झालं

एका माणसाच्या प्रकरणावरून नियम काढता येत नाही, आणि इथे तर एकाच वेळी अनेक गोष्टी बदलल्या. तरी दोन धागे वेगळे काढता येतात असं मला वाटतं. सी-जीचा आकडा १८ वरून ४४ वर गेला तो जूनपर्यंत, त्याच उंच नटच्या गिटारवर. तिथे गिटार बदलली नव्हती, शिकवणारा बदलला नव्हता आणि वेळ तर कमी झाला होता. बदललं होतं ते वाटप आणि वीस मिनिटांत काय करायचं ते. त्या दोहोंत कुणाचा वाटा किती, हे सांगायला मला दुसऱ्या एका बाईंना रोज नुसतं मनाला येईल ते वाजवायला लावावं लागलं असतं, आणि त्या मला फी देणार नाहीत.

एफचं उलटं. तिथे रियाज पुरेसा होता, वाटप बरोबर होतं, पद्धतही बरी होती. अडचण लाकडात होती. रियाजाने सुटणारी आणि न सुटणारी अडचण बाहेरून अगदी सारखी दिसते : आकडा हलत नाही. मी फरक ओळखायला पाच आठवडे लावले, तेही बाईंनी पसाऱ्याचं वाक्य ऐकवल्यावर. हल्ली नवीन विद्यार्थी आला की पहिल्या दिवशी त्याची स्वतःची गिटार आणायला सांगतो, लोकलमध्ये कितीही गर्दी असो.

कोजागिरी

गच्चीवर मीही गेलो होतो. आटवलेल्या दुधाचं पातेलं मधोमध, मुलं पाण्याच्या टाकीवर. गिटार खाली पंख्याखाली होती, वर आणल्यावर सूर हलला. त्यांनी घाई न करता ट्यूनर लावला, सहाही तारा पुन्हा जुळवल्या. लोक थांबले. मग गाणं सुरू झालं. दुसऱ्या अंतऱ्यात एफ एकदा भुणभुणली, शेवटच्या ओळीआधी लय जराशी पळाली, पण थांबल्या नाहीत आणि पहिल्या ओळीवर परत गेल्या नाहीत. मी तेवढंच बघत होतो. टाळ्या नेहमीच्याच, शेजाऱ्यांच्या. मुलगा मात्र खाली उतरताना म्हणाला, “आई, एफ वाजली की गं.” त्याची स्वतःची गिटार एफवरच सुटली होती, हे मला तेव्हा कळलं.

लय पळते त्यावर आता काम चालू आहे. उजवा हात मेट्रोनोमच्या ७२ ला धीर सोडतो, पुढची कॉर्ड लवकर तयार असल्यामुळे घाई करतो. ही नवी अडचण आहे आणि मला ती आवडते. दुसरी अडचण मात्र दिवाळीत आली. नवऱ्याने घरी इंडक्शन आणली, सोबत तीन लिटरचा छोटा कुकर. भात आता बारा मिनिटांत होतो. बाईंनी मला विचारलं, “सर, आता काय करू?” आम्ही सध्या राजमा भिजत घालायचा विचार करतोय.